बिनकडीचे ड्रॉवर

सोयरीक जमावी म्हणून लोक मुलाला नवे कपडे शिवतात. मी माझ्या मुलाच्या गाडीला ड्रॉवर बसवले.

यात हसण्यासारखं काही नाही. प्रमोद चौतिशीला आला होता. आमच्या भागात आज शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे भर उन्हाळ्यात बोअरला पाणी लागणं! प्रमोद शेती करतो आणि गावोगाव फिरून विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो. पंप काही डांबरी रस्त्यावर बिघडत नाहीत. ते बिघडतात नाल्यापलीकडे, चिखलात, जिथं बैलही नाक मुरडतो. म्हणून त्यानं चारही चाकांना जोर असलेली एक जुनी जीप घेतली. ती जीप कुठंही चढते आणि कुठूनही निघते. अडकली ती फक्त सोयरिकीत.

झालं असं, की मेहकरकडचे एक पाहुणे घरी आले. चहा झाला, शेती विचारून झाली, आणि त्यातल्या एकानं सहज जीपचं मागचं दार उघडलं. आत सिमेंटची रिकामी पोती. एका पोत्यात पाने, एकात पाईपचे तुकडे, एकात जळकी तार. पाहुण्यानं विचारलं, "भंगार घेता का?"

प्रमोद म्हणाला, "नाही जी, पंप दुरुस्त करतो."

पाहुणा "असं का" म्हणाला, हसला, आणि नंतर त्यानं फोन उचलणंच बंद केलं.

त्या रात्री जेवताना प्रमोदनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "माय, हे पाह्य. जीपच्या मांगच्या जागेत ड्रॉवर. लोक त्यात सामान भरून जंगलात जातात."

"जंगलात काऊन?"

"फिराले."

मी पाहिलं. एका गोऱ्या बाईनं जीपच्या मागून ड्रॉवर ओढला, त्यातून शेगडी निघाली. दुसरा ओढला, त्यातून भांडी. तिसऱ्यातून कांदे.

"इले घर नाही का?"

"आहे व माय. हौस असते."

"हौसेनं गाडीत कांदे ठेवते?" मी म्हटलं. पण ते खोके मला आवडले. सगळं झाकलेलं, सगळं जागच्या जागी. असं सामान पाहून कोणी 'भंगार घेता का' विचारलं असतं का?

प्रमोद म्हणाला, "शहरातून बनवून आणाले लागन."

"शहरातून कायले? लाकडाचे खोके तं आहेत! सुतार आपला, लाकूड आपलं. म्या करून घेतो."

(हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा बोलले, तेव्हा घरात काहीतरी मोडलं आहे. पण त्या वेळी ते आठवत नाही.)

गोठ्याचं जुनं सागवानी दार पडून होतं. नामदेव सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, कागदावर काढून द्या." मला कागदावर चित्र काढता येत नाही, पण रांगोळी येते. जीप अंगणात उभी होती. तिच्या शेजारी सारवलेल्या जागेवर मी तिच्या मागच्या भागाएवढीच रांगोळी काढली. मधे एक लांबलचक ड्रॉवर, पार समोरच्या सीटपर्यंत जाणारा. दोन्ही बाजूंना एकेक अरुंद. या सगळ्यांच्या वर एक सरकती फळी. पोरगं दिवसभर शेतात राहतं, पान्या-तारांत बसून भाकर कशाला खायची? फळी मागे ओढायची, तिच्यावर डबा ठेवायचा. गोऱ्या बाईलाही सुचलं नव्हतं असं मला वाटलं. (सुचलं होतं. पुढच्या व्हिडिओत होतं म्हणे.)

नामदेव टेप घेऊन रांगोळीवर बसला. त्यानं मापं घेईपर्यंत एक कोंबडी उजव्या ड्रॉवरमधून चालत गेली, त्यामुळे तो ड्रॉवर जरा जास्तच अरुंद झाला.

खोका तयार करून जीपला लावला, तर आत जाईना. दोन्ही बाजूंना चाकांचे फुगवटे होते.

"काकू," नामदेव म्हणाला, "हे कुबड तुमच्या रांगोळीत कुठं आहेत?"

"रांगोळीत कुबड येते का रे?"

"नाही."

"मंग तुले डोळे कायले देले?"

त्यानं मुकाट्यानं खोका दोन्ही बाजूंनी कापला. खोका बसला. पण आता ड्रॉवर बाहेर येईनात! नामदेव ओढतो, प्रमोद ओढतो, जीप हलते, ड्रॉवर जागचा हलत नाही. दुसऱ्या स्थळाचे पाहुणे दोन दिवसांवर आलेले. बीबी गावचे होते, मुलगी लोणारला औषधाच्या दुकानात कामाला, शिकलेली. प्रमोद फोटो पाहून कधी नाही ते लाजला होता. हे स्थळ गेलं तर दुसरं कुठून आणायचं होतं?

मी बैलगाडीच्या काळातली बाई. जे सरकत नाही त्याला वंगण लावायचं, एवढं मला कळतं. वंगणाचा जुना डबा काढला आणि सगळे ड्रॉवर, सगळ्या पट्ट्या, वरची फळी, असं सगळं माखून टाकलं. बैलगाडीचा आख माखतात तसं! आता बोट लावलं की ड्रॉवर सुळकन बाहेर.

नामदेव म्हणाला, "काकू, आता यायले कड्या पाहिजेत."

"ड्रॉवरले कडी कायले? तो का पळून जाऊन राह्यला?"

प्रमोद म्हणाला, "माय, लावू दे. चढावर हे बाहीर येतीन."

"माह्या कपाटाचे ड्रॉवर बिनकडीचे आहेत. एक तरी पळाला का आजवर?"

"माय, कपाट चढावर जात नाही..."

"मले शिकवू नको."

प्रमोद गप्प बसला. तो लहानपणापासून असाच. अर्धं वाक्य बोलतो, उरलेलं गिळतो. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

पाहुणे आले. मुलीची आई शेवंताबाई आणि मुलीचा मामा. मामा बोलका. शेवंताबाई बोलत नव्हती, फक्त बघत होती. माझ्याकडे, घराकडे, पुन्हा माझ्याकडे. तशी नजर मी ओळखते. मी स्वतः बाजारात शेळी घेताना असंच बघते.

चहा झाल्यावर मी जीपचा विषय काढला. (कोणी काढत नव्हतं.) प्रमोदनं मागचं दार उघडून पहिला ड्रॉवर ओढला. पाने ओळीनं. दुसरा ओढला. नट-बोल्ट डब्यांत. मधला लांब ओढला. तार, पाईप, सगळं साजरं.

"अरे बाप!" मामा म्हणाला. "हे तं सोनाराच्या दुकानावानी आहे!"

माझी छाती फुगली. शेवंताबाई एवढंच म्हणाली, "वावर दाखवा. विहिरीले पाणी आहे का पाह्यतो."

आमचं वावर टेकाडावर. वाट कच्ची आणि चढाची. मामा प्रमोदच्या बाजूला बसला. मागे बसायला सीट नव्हती, कारण सीटच्या जागी माझे ड्रॉवर होते! मी घरातून गादी आणली, वरच्या फळीवर अंथरली आणि शेवंताबाईला म्हटलं, "या. खाली सामान, वर बैठक." दोघी मांडी घालून बसलो. छत इतकं खाली, की माना तिरप्या करून बसावं लागलं. दोन कोंबड्या कानोसा घेत बसाव्यात तशा.

चढ लागला. प्रमोदनं मामाला दाखवायला म्हणून चारही चाकांना जोर लावला. जीपचं नाक आभाळाकडे गेलं.

धाड!

"हे काय वाजलं?" शेवंताबाईनं विचारलं.

"काही नाही. पाने असतीन."

तो डावा ड्रॉवर होता, मागच्या दारावर जाऊन आदळलेला. मग उजवा. धाड! मग मधला लांब, लोखंडानं भरलेला. त्यानं दाराला असा दणका दिला, की जुनी खिट्टी उडाली आणि दार उघडून बाजूला झालं. मागून गार हवा आली. मागची वाट, बाभळी, लांबवर गाव, सगळं दिसू लागलं. मी म्हणणार होते, की बघा कसा देखावा आहे. तेवढ्यात छत पुढे सरकायला लागलं.

"बाई," शेवंताबाई म्हणाली, "आपण हलून राह्यलो का?"

"गाडीत बसल्यावर माणूस हलतेच."

"तसं नाही. आपण गाडीतून हलून राह्यलो!"

खरं होतं. फळी निघाली होती. काय वंगण लावलं होतं मी! धक्का नाही, आवाज नाही. लग्नात नवरीला पाटावरून नेतात ना, तशा आम्ही दोघी गादीसकट डौलात जीपच्या बाहेर आलो. क्षणभर अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. मी शेवंताबाईचा हात धरला. तिनं माझा पदर धरला. मग फळी वाकली, आणि आम्ही दोघी वाटेच्या कडेला पडलो.

नशीब एवढंच, की तिथं शेजाऱ्याच्या सोयाबीनच्या मळणीचं कुटार पडलेलं होतं. डोंगराएवढा भुसा. कंबरेपर्यंत रुतलो, पण हाडं शाबूत. जीप मात्र थांबली नाही! मामा पुढे बसून मागच्या वर्षीचा सोयाबीनचा भाव सांगत होता आणि प्रमोद 'हो जी, हो जी' करत होता. मधून मधून पाने वाटेवर टाकत, जीप वळणाआड गेली.

शेवंताबाईनं डोक्यावरचं कुटार झाडलं. कानातलं काढलं. मला वाटलं, आता ही उठते आणि बीबीपर्यंत पायी चालत जाते. प्रमोदचा तो लाजलेला चेहरा डोळ्यापुढं आला, आणि मला खरंच वाईट वाटलं.

"हे ड्रॉवर कोणं केले?" तिनं विचारलं.

सुताराचं नाव ओठापर्यंत आलं होतं. पण मला खोटं पचत नाही. "म्या केले."

"पोरानं नाही?"

"पोरगं तं कड्या लाव म्हणे. म्याच नाही म्हटलं."

"मंग त्यानं ऐकलं?"

"ऐकते तो! माह्या शब्दाबाहीर नाही." मी अजून त्याची बाजू सावरत होते.

शेवंताबाईनं तोंड वाकडं केलं. "तेच तं मले नको."

"म्हंजे?"

"निंगताना पोरगी म्हणे, माय, वावर पाहू नको, घर पाहू नको. त्या पोराले सोताचं तोंड आहे का, तेवढं पाहून ये. त्याले माहीत होतं ड्रॉवर बाहीर येतीन, तरी मायनं म्हटलं म्हणून गप्प राह्यला. उद्या माह्या पोरीसाठी काय बोलणार आहे तो?"

ज्या गुणाची मी गावभर जाहिरात केली, त्यानंच सोयरीक मोडत होती!

इतक्यात वर इंजिनाचा आवाज आला. मामानं मागे वळून 'अक्का, ते पाह्य विहीर' म्हटलं होतं आणि अक्काच्या जागी त्याला आभाळ दिसलं होतं. प्रमोद जीप वळवायला न थांबता तशीच मागे मागे आणत होता, भरधाव. मी 'हळू' म्हणून ओरडायला गेले. त्यानं आमच्याजवळ करकचून ब्रेक मारला. जीप थांबली. मधला लांब ड्रॉवर थांबला नाही! तो सुसाट बाहेर आला आणि आमच्या पायाशी कुटारात घुसला. असा लोट उठला, की कोणाला कोणी दिसेना.

लोटातून प्रमोद धावत आला. आधी शेवंताबाईला हात देऊन उठवलं, मग मला. दोघी धड आहोत हे पाहिलं, आणि त्याचं डोकं फिरलं.

"माय! म्या सांगतलं होतं ना कडी लाव म्हणून! सांगतलं होतं का नाही? तुले काय वाटते, साऱ्या जगाचं तुलेच समजते? या मावशीचा पाय मोडला असता तं? आजपासून माह्या गाडीले हात लावाचा नाही! गाडी माही, धंदा माहा, मले समजते त्यात काय पाहिजे!"

मामाचं तोंड उघडंच राहिलं. चौतीस वर्षांत प्रमोद माझ्यापुढं एवढं कधी बोलला नव्हता. आवाज एवढा, की खालच्या वावरातली निंदणारी बाई उभी राहिली.

मी एक शब्द बोलले नाही. मान खाली घालून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शेवंताबाई एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग मामाला म्हणाली, "भाऊ, विहीर राहू दे. पाह्यचं ते पाह्यलं." आणि हसली. दिवसभरात पहिल्यांदा. "पोराले तोंड आहे. अन् त्याच्याहून मोठी गोष्ट, सासूले कान आहेत. इहीणबाई, चारचौघांत पोरगं एवढं बोललं अन् तुमी हूं का चूं केलं नाही!"

लग्न झालं. अर्चना सून होऊन घरात आली. प्रमोद आता दोघींनाही बोलतो, आणि दोघी त्याला बोलतो. शेवंताबाई मात्र अजून बीबीपासून लोणारपर्यंत सगळ्यांना सांगत फिरते, की सासू असावी तर अशी. शांत, समजदार, लेकाचं मुकाट्यानं ऐकून घेणारी. बाया आपल्या सासवांना मुद्दाम मला बघायला घेऊन येतात!

मी काही सांगत नाही. आता सांगून काय फायदा? त्या दिवशी प्रमोदला द्यायला माझ्याजवळ अशी उत्तरं तयार होती, की ती सोयरीक त्याच ढिगात पुरली गेली असती. पण 'हळू' म्हणायला मी तोंड उघडलं आणि तो लोट आत गेला. समजदारी कसली घेऊन बसलात! तोंड गळ्यापर्यंत कुटारानं भरलं होतं.