टपाल तिकिटावरची आई

सरकारी छापखान्यात मी तीस वर्षं पोलादावर रेषा कोरल्या. नोटेवरची नक्षी, अक्षरं, कडेच्या वेली हे माझं काम. अख्खी नोट कुणा एकाच्या हातची नसते. चेहरा एकाने कोरायचा, अक्षरं दुसऱ्याने, आणि शेजारच्याच्या टेबलाकडे फार बघायचंही नाही, अशी तिथली शिस्त. गावात लग्नाला गेलो की कुणीतरी हमखास विचारायचं, ‘एखादी कोरी नोट आणलीस का रं?’ मी हसायचो. दुसरं काय करणार?

अख्खा चेहरा मला एकदाच मिळाला. मिठागरात राबणाऱ्या बाईचं टपाल तिकीट काढायचं ठरलं आणि आमच्या विभागप्रमुखांनी ते काम मला दिलं. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. कोरायची सळई हातात कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला मी एकटा राहायचो तेव्हा दर रविवारी जेवायला त्यांच्याकडेच असायचो. ‘तू मिठागरातला माणूस, तूच कर,’ म्हणाले.

आमची मिठागरं न्हावा शेव्याच्या बाजूला होती. आता तिथे कंटेनर रचलेले असतात आणि माझा धाकटा भाऊ त्याच जमिनीवरून ट्रेलर चालवतो. पण आईचं निम्मं आयुष्य त्या खाऱ्या पाण्यात उभं राहून गेलं होतं. ऊन आणि वाऱ्याने तिच्या गालांवर इतक्या बारीक रेषा उमटल्या होत्या की माझ्यासारख्याने बघतच राहावं. मी रजा काढून घरी गेलो आणि चार दिवस तिला ओट्यावर बसवून चित्रं काढली. पहिले दोन दिवस ती कुरकुरली, भात करपतो म्हणाली. तिसऱ्या दिवशी गावभर सांगून आली की पोराने तिचं तिकीट करायला घेतलंय.

पाच महिने तो चेहरा माझ्या भिंगाखाली होता. नखाएवढी जागा, सगळं उलटं कोरायचं. चुकलेली रेष काढायची तर पोलाद खरवडून, घोटून सपाट करावं लागतं. मला तशी वेळ फारशी आली नाही. तो गाल मला पाठ होता.

काम संपलं तेव्हा सर म्हणाले, ‘डोळे बघ कसे लाल झालेत. शिमग्याला घरी जाऊन ये.’ रजेच्या अर्जावर त्यांनी उभ्याउभ्या सही केली. मी परतलो तर मी कोरलेला पोलादी ठसा मंजूर होऊन भट्टीत कडक करायला गेला होता. एकदा ठसा कडक झाला की त्यावर कुणाचा हात चालत नाही. सरांनी मला पेढा भरवला.

तिकीट निघालं त्या दिवशी मी गावी होतो. आई नवं लुगडं नेसून माझ्याबरोबर पोस्टात आली, मागून आळीतल्या पाच-सहा बायका. पोस्टमास्तरांनी तिकिटांचा कागद काउंटरवर पसरला. डोक्यावर पाटी, कानातली कुडी, लुगड्याची चुणी, सगळं माझं होतं. गाल मात्र अंड्यासारखा गुळगुळीत.

‘म्हातारी जवान झाली की,’ एक जण म्हणाली आणि बायका हसल्या. आई हसली नाही. तिने कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

‘ही मी न्हाय,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभा होतो. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. वरून निरोप आला होता, बाई गोड दिसली पाहिजे. मी शिमग्याला गेल्यावर त्यांनी स्वतः बसून त्या रेषा घोटून काढल्या होत्या.

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तू केलं नसतंस,’ ते म्हणाले, शांतपणे, पूर्वी रविवारी भात वाढताना बोलायचे तसेच. मी तेव्हा त्यांना शिवी दिली नाही. याचा राग मला अजून येतो, त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त.

मला आईला दाखवायला रेषा घोटण्याआधी कागदावर छापून बघितलेला निदान एक नमुना हवा होता. तो कुठून मिळणार? ठशाचा प्रत्येक नमुना तिघांसमोर फाडून नष्ट करायचा नियम. माझे मीच फाडले होते, सही करून. आईचा खरा चेहरा असलेला एकही कागद माझ्या हाती उरला नव्हता. ओट्यावर काढलेली चित्रंही नियमाने छापखान्यातच जमा झाली होती.

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, आणि मग म्हणाली, ‘व्हय. तुझ्या सायबानं केलं आसंल.’ लहानपणी मी खोटं बोललो की ती याच सुरात व्हय म्हणायची. पोराला आपल्या तोंडाची लाज वाटली, असंच तिने धरलं होतं.

पुढच्या रजेत मी तांब्याचा पत्रा घेऊन घरी गेलो. तुला परत कोरतो, म्हटलं, यावर कुणाचा हात पडणार नाही. ती बरं म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा सुनेची पावडर तिने दोन्ही गालांवर थापली होती, रेषा बुजेपर्यंत. ओट्यावर नीट बसली, तरीही एक गाल पदराने झाकला आणि म्हणाली, ‘आता कोर.’