रिफ्लेक्सा की रिफ्लेक्सस

पिंपळीच्या बाबूलाल बागवानांची इफ्फत इंदापूरच्या एका कॉलेजात तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवायची. पुण्यात एका म्हाताऱ्या फादरांकडून तिनं लॅटिन शिकून घेतलं होतं. त्यामुळं झाडांची शास्त्रीय नावं ती घोकून घ्यायची नाही, फोडून सांगायची.

"धातूला 'न्स' लागलं की 'करणारा'. स्कॅन्डेन्स म्हणजे चढणारा, चढणारी, चढणारं. तिन्ही लिंगांत रूप एकच. पण 'केलेला' म्हणायचं तर आपल्या मराठीसारखंच रूप बदलतं. वळवलेला रिफ्लेक्सस, वळवलेली रिफ्लेक्सा, वळवलेलं रिफ्लेक्सम."

सहामाहीत तिच्या वर्गातल्या मोनानं अमरवेलीचं नाव 'कस्कुटा रिफ्लेक्सा' लिहिलं. विभागप्रमुखांच्या छापील नोट्समध्ये 'रिफ्लेक्सस' होतं. त्यांनी लाल फुली मारली, आणि वर भर वर्गात म्हणाले, "नोट्स वाचायला जमत नसेल तर आईच्या भाजीच्या पाटीवर बस जा."

मोना व्हरांड्यात रडत उभी होती. "मॅडम, तुमी सांगितलं तेच लिवलं मी. माझ्या आईला मधी कशापायी आणलं त्यांनी?"

इफ्फतची कानशिलं तापली. ती तडक त्यांच्या खोलीत शिरली.

"सर, कस्कुटा स्त्रीलिंगी आहे. पोरीचं बरोबर आहे."

"एका अक्षरानं काय आभाळ कोसळतंय, मॅडम?"

"कोसळत नाही ना? मग तिचा मार्क का कापला? 'शिकलेला बाई' असं कुणी लिहिलं तर चालेल तुम्हाला? आणि तिच्या आईचं, छबूबाईंचं नाव कशाला काढलंत? पाटी उचलून पोरगी शिकवतात त्या!"

"तुम्ही तासिकेवर आहात, विसरू नका."

"ते तुम्ही विसरू देता कुठं!" म्हणत ती प्राचार्यांकडे गेली. त्यांनी ग्रंथालयातून जाडजूड ग्रंथ मागवला, पान काढलं आणि मोनाचा मार्क मुकाट्यानं भरून दिला.

"आणि माफी?" इफ्फतनं विचारलं. "अपमान वर्गात झालाय, माफीही वर्गातच हवी."

प्राचार्यांनी ग्रंथ परत ग्रंथालयात पाठवून दिला.

पुढच्या सत्रात इफ्फतला एकही तासिका मिळाली नाही. बाबूलाल दुकानात डाळिंबं मांडता मांडता म्हणाले, "मार्क मिळाला व्हता न्हवं? तितंच थांबायचं, बेटा."

"मार्क तिचाच होता, अब्बा. त्यांनी दिलं काय?"

आता ती बारामतीत एका खासगी क्लासमध्ये शिकवते. इंदापूरला गेली की मात्र कॉलेजात वळतेच. विभागप्रमुखांच्या दारात उभी राहून, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणते, "सर, मोनाची माफी राहिलीय."

ते फोन कानाला लावतात. ती हलत नाही.