उरणचं मीठ, वाहाकाची पंगत

मेक्सिकोला जायचं पक्कं झालं आणि पहिलं तिकीट मी काढलं ते उरणचं. नेरूळहून दुपारची गाडी. डबा जवळजवळ रिकामा, खाडीचा वारा सरळ तोंडावर. उलव्याच्या उंच इमारती मागे पडल्या की खारफुटी, मग पाणी, मग एकावर एक रचलेले कंटेनर. मांडीवर नवीकोरी वही होती. अडुसष्टाव्या वर्षी मी स्वयंपाक शिकायला निघाले होते.

हे कसं झालं ते सांगते. माझी नात रेवा डॅलसला शिकते. तिला मेक्सिकोच्या वाहाका गावात मृतांचा सण बघायचा होता. लेकीकडे जाण्यायेण्याचा अमेरिकेचा व्हिसा माझ्याकडे होता, त्यावर मेक्सिकोत शिरता येतं हेही तिनंच शोधून काढलं. फोनवर म्हणाली, "आजी, तिथे गेलेल्या माणसांना घरी जेवायला बोलावतात. त्यांच्या आवडीचं वाढतात. तू कोणाला बोलावशील?"

"सासूबाईंना," मी फटकन म्हटलं. माझी जीभ माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे असते, लहानपणापासून.

"आणि वाढशील काय?"

तिथे मात्र जीभ थांबली. कारण सासूबाईंना काय आवडायचं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते मला येत नव्हतं.

मी देशावरची, फलटणकडची. बेलापूरच्या एका कचेरीत आम्ही दोघं कारकून होतो, तिथेच जमलं, आणि तेविसाव्या वर्षी मी उरणच्या घरात सून म्हणून शिरले. ती तेव्हाची मी आठवली की आज मला हसू आवरत नाही. नाकावर चष्मा, मनात पदवी, आणि हातात पुरणपोळी सोडली तर काही नाही. मासा धरायचा कुठून तेही ठाऊक नव्हतं. मी केलेलं काहीही सासूबाईंच्या पानात पडलं की पहिल्या घासाला त्या म्हणायच्या, "चव नाय." सात वर्षं, रोज. वर जेवण झालं की ताट इतकं लख्ख करून ठेवायच्या की माझी खात्रीच पटली, बाई आपलं ताट आपणच विसळून ठेवते. म्हणजे माझ्या भांडी घासण्यावरही विश्वास नाही. यावरून मी मोरीत उभी राहून रडलेली आहे. पदवीधर होते ना.

मग सासूबाई गेल्या. दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला, सुरूच्या झाडांवर कावळे ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेना. मग आपल्याकडे होतं तेच झालं. एकेक जण हात जोडून पुढे होऊ लागला, तिची राहिलेली इच्छा काय असेल ते ओळखायला. यांनी सांगितलं, "बहिणीला अंतर देणार नाही." दिरांनी सांगितलं, "विहीर बुजवणार नाही." कावळे ढिम्म. वाळू तापली होती, माझे तळवे भाजत होते, पोटात भुकेचा आगडोंब. मी पुढे झाले आणि म्हटलं, "आये, तुमचं सोड्यांचं कालवण मी शिकेन. माझ्या हातानं तुम्हाला वाढीन."

कावळा असा आला की माझ्या पदराला पंख लागला.

सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं बघितलं. मी खाली मान घातली, ती भक्तीनं नव्हे. मी शुद्ध थाप मारली होती. त्यानंतर अडतीस वर्षं त्या तिथीला सोड्यांचं कालवण (सुकवलेल्या सोललेल्या कोलंबीचं) माझी नणंद करून पाठवायची आणि मी ते आपल्या पातेल्यात ओतून वाढायची. सासूबाईंना माझ्या हातचं एकदाही पोचलं नव्हतं. आता समुद्रापलीकडे जाऊन वाढायचं, तर तिथे तरी थाप नको, एवढं मी ठरवलं होतं.

यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "आई आयुष्यात पनवेलच्या पलीकडे गेली नाही. तिला मेक्सिको सापडेल का?"

"तुम्ही लपलात तरी तुम्हाला शोधून काढायची. मेक्सिको तर केवढा मोठा आहे."

वन्सं (माझी मोठी नणंद) ओट्यावर वाटच बघत होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ.

"ये गो वयनी. आठवन झाली का कावल्याची?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मना काय, सगल्यांना ठावं व्हतं. तुजं पोट वाजत व्हतं, तं मना ऐकू आलं."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली वही काढून घेतली आणि फळीवर ठेवली. "कालवन काय लिवून करतान?"

तर लिहिलेलं नाही, आठवतं तसं सांगते. सोडे कोमट पाण्यात भिजत घालायचे आणि ते पाणी फेकायचं नाही. लसूण ठेचून, साल राहिली तर राहू दे. तेल तापलं की लसूण, मग हळद, घरचा आगरी मसाला, सोडे, बटाट्याच्या फोडी, तेच पाणी, मग चिंचेचा कोळ. मी मिठाला हात घातला तर वन्संनी मनगटावर चापटी मारली.

"मीठ शेवटाला. सोड्यांत पयलंच हाय. त्येंचं उतरू दे, मंग चाखून घाल. तू पयल्यापासून घाई करतेस."

निघताना त्यांनी सोड्यांची पुडी दिली आणि माजघरातून एक चिनी मातीची बरणी आणली. सासऱ्यांच्या मिठागरातलं मीठ. ते मिठागर भरावाखाली जाऊन कितीतरी वर्षं झाली. बरणीच्या तळाशी मूठ-दोन मुठी खडे उरले होते, कडेनं करडे झालेले. वन्संनी अर्धे पिशवीत ओतले. "आयेला ह्याच मिठाची सवय हाय. दुसरं घातलंस तर ती उठून जाल."

घरी येऊन मी चार वेळा ते कालवण केलं. तिसऱ्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, कसला वास येतोय. मी लिहिलं, "बी-६०२. मेक्सिकोची तयारी." चौथ्या वेळी हे दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "जवळ आलीस."

डॅलसपर्यंत सगळं सुरळीत. तिथून रेवाला घेऊन वाहाकाला उतरलो आणि सामानाच्या पट्ट्यापाशी एक गोड तपकिरी कुत्रा येऊन माझ्या बॅगेशेजारी बसला. मी त्याला "ये रे बाळा" म्हणून गोंजारणार, तेवढ्यात रेवा दातांतून म्हणाली, "आजी, हात लावू नकोस. तो ड्यूटीवर आहे."

बॅग उघडली. सोडे निघाले, मसाला निघाला, आणि मग अधिकाऱ्यानं प्लास्टिकच्या पिशवीतले पांढरे करडे खडे उजेडात धरले. त्यानं माझ्याकडे बघितलं. नऊवारीतली नव्हे, पण चांगली इरकल नेसलेली, पायात बूट घातलेली म्हातारी. रेवाचा चेहरा त्या खड्यांपेक्षा पांढरा झाला. तरुणपणची मी असते तर तिथेच इंग्रजीत निबंध सांगितला असता आणि दोन दिवस आत बसले असते. मी पिशवीतला एक खडा उचलला, तोंडात टाकला आणि कडकन फोडला. तोंड इतकं खारट झालं की माझा एक डोळा आपोआप मिटला. अधिकारी हसला. दुसऱ्यालाही बोलावून दाखवलं त्यानं. मीठ परत मिळालं, मसाला मिळाला. सोडे मात्र त्यांनी ठेवून घेतले.

टॅक्सीत मी मिठाची पिशवी मांडीवर घेऊन बसले. अडतीस वर्षांनी थाप खरी करायला निघाले तर मुख्य ऐवजच गेला. रेवा म्हणाली, "दुसरं काही करू या ना, आजी."

"दुसरं त्यांना मी सात वर्षं वाढलंय."

आम्ही उतरलो होतो ते दोन्या एल्विराच्या घरी (दोन्या म्हणजे आपण काकू म्हणतो तसं, पण जरा मानाचं). माझ्याच वयाची, ठेंगणी, दोन पांढऱ्या वेण्या, आणि कमरेला ॲप्रन जो चार दिवसांत मी सुटलेला पाहिला नाही. तिची ओफ्रेंदा (मृतांसाठी मांडलेला चौरंग) बघून मी दारातच थबकले. दोन बाजूंना ऊस रोवून वर कमान केलेली, थेट आपलं तुळशीचं लग्न. त्यावर झेंडूच झेंडू. त्याला ते सेंपासूचिल म्हणतात आणि सांगतात की हा मूळचा आमचाच. मी वाद घातला नाही, पण दसऱ्याचं काय ते मनात म्हटलं. कोपालचा (राळेसारख्या डिंकाचा) धूर, पाण्याचा पेला, चेहरे चिकटवलेले गोल पाव, तिच्या नवऱ्याचा फोटो, त्याच्यापुढे मेस्काल (तिकडची दारू) आणि सिगारेटचं पाकीट.

मी बोट दाखवलं. ती काही बोलली, रेवानं सांगितलं, "जिवंत होता तेव्हा लपवून ठेवायची, म्हणते. आता स्वतः पुढे ठेवते."

आणि चौरंगाच्या कोपऱ्यात एक बशी, तीत मीठ. त्यांच्या मांडणीत मीठ लागतंच. मी खोलीत जाऊन पिशवी आणली आणि उरणचे चार खडे त्या बशीत ठेवले. दोन्यानं एक उचलून हुंगला, मान डोलावली.

सोड्यांचं दुःख तिला कळलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि सरळ बाजारात नेलं. तिथे भाजलेल्या नाकतोड्यांच्या टोपल्यांपलीकडे (हो, खातात, मी पण खाल्ले, लिंबू पिळल्यावर शेंगदाण्यासारखे लागतात) एका बाईसमोर डोंगर होते. सुक्या कोलंबीचे डोंगर. वास आला आणि मी एकदम उरणच्या मासळीबाजारात उभी राहिले. चिंचही तिथेच, लसूण तिथेच. बाईनं वजन करताना मूठभर वर घातली, अगदी आपल्यासारखी.

कोलंबी मी बसून सोलली. दोन्याच्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर तिचा काळा मोले (मिरच्या आणि चॉकलेटचा दाट रस्सा), दुसरीवर माझं कालवण. मीठ शेवटाला. चाखून, दोनदा. सासूबाईंचा फोटो सिगारेटच्या पाकिटाशेजारी मांडला, वाडगा पुढे ठेवला आणि मनात म्हटलं, आये, शिकले. उशीर झाला.

मग मी सवयीनं घोटाळा केला. थोडं कालवण-भात द्रोणासारख्या वाटीत घेऊन गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि वाट बघत उभी राहिले. कावळा शिवल्याशिवाय मला कळणार कसं? एक लांब शेपटीचा काळा पक्षी आला. बघितलं, मान तिरकी केली, आणि उडून गेला. रेवा म्हणाली, "तो कावळा नाही, आजी."

"म्हणूनच त्याला कोणी शिकवलं नसेल," मी म्हटलं, पण मन खट्टू झालं. पूर्वी एक थाप मारून काम झालं होतं. आता खरं करून आणलं तर उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे परतीला लागतात असं मानतात आणि मग चौरंगावरचं घरातली माणसं खातात. दोन्यानं कालवण गरम केलं, वाडग्यात ओतलं, टॉर्तियाचा (मक्याच्या पातळ पोळीचा) तुकडा बुडवला आणि पहिला घास घेऊन म्हणाली, "नो साबे आ नादा."

रेवा टोपलीतला टॉर्तिया निवडायला लागली.

"सांग की."

"आजी... चव नाही, म्हणतात."

सातासमुद्रापार, परक्या भाषेत, पहिल्याच घासाला. मला वाटलं, उठून मोरी शोधावी.

पण दोन्या हसत होती. फोटोकडे बोट, मग वाडग्याकडे. रेवा सांगत गेली: येणारे अन्नाची चव आणि वास घेऊन जातात, मागे नुसतं अन्न उरतं. चव राहिली नाही म्हणजे पाहुणी पोटभर जेवली. तिचा मोलेही आज नुसता चिखल लागतो, आणि नवऱ्यानं मेस्कालचं पाणी करून ठेवलंय.

मीही एक घास खाल्ला. मला विचाराल तर आंबट, तिखट, मीठ सगळं जागेवर होतं. पण तिचं घर, तिची पद्धत. मी मान डोलावली. आणि बघते तर "चव नाही" म्हणणारी ही बाई टॉर्तियाचा शेवटचा तुकडा वाडग्यात गोल फिरवत होती, तळापासून काठापर्यंत. वाडगा खाली ठेवला तेव्हा तो धुतल्यासारखा लख्ख होता.

मी त्या वाडग्याकडे बघतच राहिले.

नेरूळला परत आल्यावर झोपेचं वेळापत्रक जागेवर यायच्या आधीच मी पुन्हा उरणची गाडी धरली. मांडीवर आता डबा होता. तीच खाडी, तेच कंटेनर. जगाचा फेरा मारून आलं तरी इथलं पाणी आपलं गढूळच. वन्संनी ताट घेतलं, मी वाढलं, त्यांचा पहिला घास तोंडात जायच्या आधी विचारलं.

"वन्सं, आये आपलं ताट स्वतः विसळायच्या ना?"

"आये?" त्यांनी माझ्याकडे वेडी असल्यासारखं बघितलं. "तिनं जल्मान कवा ताट विसललं नाय. बोटानी पुसून खायची ती. तू मोरीन जाऊन रडायचीस, तवर ती पातेलं पन पुसायची."

सात वर्षं उत्तर रोज माझ्याच हातात यायचं आणि मी ते दुसऱ्या भांड्यांबरोबर घासून टाकायची. पदवीधर.

वन्संनी घास घेतला. डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, वेळ घेतला.

"चव नाय," त्या म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या.

या वेळी मी ताटाकडे बघत बसले.