आईला "कुठे" विचारू नका

फिरून आलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. बॅगेतले कपडे धुऊन होतात, किस्से मात्र तसेच राहतात. साओ पावलोहून आल्यापासून आमच्या क्लेटन उपनगरातले सगळे विचारतात, "हॉलिडे कसा झाला?" मला लोकांसमोर बोलायला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सुरुवात मात्र आमच्या घरापासूनच करावी लागेल.

*

क्लेटनमध्ये तेव्हा दर दुसऱ्या घरात युनीचे स्टुडंट्स राहायचे. आमच्या मागच्या खोलीतही असायचे. बाकीचे सहा महिन्यांत दुसरीकडे जायचे, पण साओ पावलोची लुसिया दोन वर्षं राहिली. आईला काकू म्हणायची आणि तोडकंमोडकं मराठी बोलायची.

आईचा एक नियम आहे. निघालेल्या माणसाला "कुठे" विचारायचं नाही. कुणी विचारलंच, तर परत बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. मला तो कंटाळवाणा वाटायचा. लुसियाला भयंकर आवडला!

एकदा प्लंबर काम संपवून निघाला. बाबांनी सहज विचारलं, "पुढचं काम कुठे, मेट?" लुसिया किचनमधून धावत आली, त्या धिप्पाड माणसाला खुर्चीत बसवलं आणि हातात पाण्याचा ग्लास दिला.

"नो वरीज," ती म्हणाली, "पण आता पाच मिनिटं बसा."

आणि तो बसला!

*

गेल्या वर्षी एका सकाळी आई कणीक मळत होती. लुसिया सायकलचं हेल्मेट घालून दारापर्यंत गेली, आणि ओट्यावर तिचा डबा तसाच होता.

"अगं, कुठे निघालीस डबा न घेता?"

आईने लगेच जीभ चावली. "बस बस. पाणी पी आधी."

"लेट झालाय!" लुसिया हसली. "लायब्ररीत, काकू. चारला येते!"

चार वाजता दारात पोलीस उभे होते. राउंडअबाउटवर तिला ट्रकने उडवलं होतं.

तेव्हापासून मी शाळेला निघाले की आई माझ्याकडे पाठ करून उभी राहते. चुकून काही विचारलं जाऊ नये म्हणून.

*

या सुट्टीत बाबांनी न्यूझीलंड ठरवलं होतं. आई म्हणाली, "साओ पावलो."

"तिथे काय बघायचंय?"

"बघायचं नाही. तिच्या आईला तोंडावर सांगायचंय, की मी विचारलं होतं."

बाबांनी त्याच रात्री तिकिटं बदलली.

*

तिथे पहिल्याच सकाळी आम्ही हॉटेलसमोर टॅक्सीत बसलो. ड्रायव्हरने वळून विचारलं, "ओंजी?" म्हणजे कुठे. हा शब्द लुसियाने आम्हाला शिकवला होता. आई खाली उतरली, लॉबीतल्या सोफ्यावर बसली, पाणी प्यायली.

दुसऱ्या टॅक्सीवाल्यानेही तेच विचारलं. परत सोफा, परत पाणी!

तिसऱ्या वेळी बाबांनी पत्ता मोठ्या अक्षरात कागदावर लिहिला आणि ड्रायव्हरने तोंड उघडायच्या आत त्याच्या नाकासमोर धरला. त्याने तो नीट वाचला, मान डोलावली आणि खात्री करून घ्यायला विचारलं, "ओंजी?"

"चला, मेट्रोने जाऊ," बाबा म्हणाले. "मेट्रो कुणाला काही विचारत नाही."

*

एका उंच इमारतीच्या गच्चीवर गेलो. नजर जाईल तिथपर्यंत इमारतीच होत्या. खालून हॉर्न, बस, गाणी आणि फेरीवाल्यांच्या हाका एकदम वर येत होत्या. बाबा म्हणाले, "आपलं क्लेटन इथल्या एका गल्लीत हरवेल!"

आई कठड्याला धरून ऐकत राहिली.

"ती म्हणायची, काकू, तुमच्याकडे फार शांत आहे, मला झोप येत नाही. आणि मी तिला हळदीचं दूध देत बसले."

*

लुसियाची आई मार्ता तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. तिने कॉफी दिली. आईने घेतली नाही, आधी बाबांच्या फोनमध्ये बोलली: "निघताना मी तिला कुठे विचारलं. आमच्यात विचारत नाहीत. माझं चुकलं."

फोनने भाषांतर करून दाखवलं. मार्ताने ते दोनदा वाचलं. मग तिने एवढंच विचारलं, "ती काय म्हणाली?"

आईने सांगितलं. मार्ताने हाताने फोन बाजूला सारला आणि आईला तेच पुन्हा मराठीत म्हणायला लावलं. लायब्ररीत, काकू. चारला येते. मग अजून एकदा. तोवर कॉफी गार झाली. आईने ती गारच प्यायली.

दुपारी आम्ही निघालो. रस्त्यावर पोहोचतो तोच वरून आवाज आला. मार्ता बाल्कनीत वाकून उभी होती. बसच्या आवाजावर आवाज चढवून तिने विचारलं, "ओंजी?"

बाबांनी डोळे मिटले. "झालं! आता तीन जिने वर, आणि पाणी."

आई फूटपाथवर थांबली. वर बघितलं. मग तोंडाभोवती दोन्ही हात धरून ती ओरडली,

"बाजारात! चारला येते!"