बिननावाच्या ओळी

भिकन अहिरे नाशकातल्या एका सरकारी कचेरीत आकडे मांडायचा. जिल्ह्यातल्या सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे महिन्याचे कागद त्याच्या टेबलावर येत. किती लसी टोचल्या, किती बाळंतपणं झाली, किती तान्ही मुलं दगावली, हे सगळं जमवून तो केंद्रांचा क्रम लावी आणि तो तक्ता भिंतीवर डकवी. वरची पाच नावं हिरव्या पेन्सिलीत, खालची पाच लाल. डॉक्टर मंडळी मीटिंगला आली की आधी तक्त्यापाशी गर्दी करत, मॅट्रिकचा निकाल लागल्यासारखी.

भिकनला या कामाचा भारी तोरा. घरी भाजी खारट झाली, तरी तो बायकोला म्हणे, "मागच्या महिन्यापेक्षा सुधारणा आहे." मालनबाई पुढच्या वेळी मीठच घालत नसे.

एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत घोटीपलीकडच्या डोंगरातलं एक केंद्र तक्त्यात लागोपाठ सहाव्यांदा तळाला जायच्या बेतात होतं. बालमृत्यू सगळ्यात जास्त. साहेबांनी तिथल्या नर्सबाईची, सुलाबाईची, बदली थेट जिल्ह्याच्या टोकाला, सुरगाण्याला करायचं ठरवलं. सोमवारी तक्ता आला की सही. सुलाबाईच्या घरी आंधळी सासू, तिला कुणाच्या भरवशावर टाकणार? शनिवारी ती रजिस्टर काखोटीला मारून भिकनच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, मी समदी लिहिते म्हणून माझा आकडा मोठा हाय. बाकीचे बारशाआधी गेलेलं लेकरू धरतच नाय."

ते खरंच होतं. बारशाआधी मूल गेलं, तर घरचे गुपचूप पुरून येत आणि पुन्हा विषय काढत नसत. फॉर्मात मात्र नावाचा रकाना होता. तो रिकामा दिसला की भिकन 'माहिती अपूर्ण' म्हणून ती ओळ लाल पेन्सिलीने खोडी. खोडून घ्यायचंच, तर लिहायचं कशाला, असं म्हणून बाकीच्या केंद्रांनी ती मुलं लिहिणंच सोडलं. सुलाबाई तेवढी रकान्यात 'लंकाबाईचं बाळ', 'कुसाबाईचं बाळ' असं लिही. रकाना भरलेला, म्हणून भिकनही मोजी.

"तुम्ही उगाच लिहिता बाई," भिकन समजुतीने म्हणाला. "रकाना रिकामा सोडा, मी खोडतो. सोमवारी तुमचं केंद्र पहिल्या दहात."

"नाव नाय म्हून ते आलंच नाय का?" सुलाबाई म्हणाली. "मी नाळ कापलीय त्याची. मी नाय खोडायची." आणि रजिस्टर उचलून ती एस.टी. गाठायला निघून गेली. बाईला व्यवहार कळत नाही, असं भिकनने शेजारच्या टेबलाला ऐकवलं.

रविवारी सकाळी धोंडीराम मास्तर जनगणनेचा फॉर्म घेऊन भिकनच्या दारात आले. आकड्यांचा मामला, म्हणून भिकनने बायकोला चहाला पिटाळलं आणि उत्तरं द्यायला स्वतः बसला. मास्तरांचे दोन रकानेही त्याने दुरुस्त करून दिले.

"वहिनींना जिवंत जन्मलेली मुलं किती?" मास्तरांनी विचारलं.

"दोन," भिकन म्हणाला.

"तीन," आतून मालनबाईचा आवाज आला.

मास्तरांचं पेन थांबलं. भिकनला आठवलं. आठ वर्षांपूर्वीची मुलगी, चार दिवसांची. तोच तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेला होता. परत येऊन त्याने आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. आपणच लाल पेन्सिल मारली, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि फार लाज वाटली.

"तीन लिहा मास्तर," तो म्हणाला.

सोमवारी तो साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, तक्ता चुकलाय. सगळ्यात खालचं केंद्र तेवढं बरोबर आहे."

साहेब तासभर भडकले. शेवटी रजिस्टरं परत पाठवायची, नाव नसेल तिथे आईचं नाव लिहून आणायचं, असा कागद निघाला आणि बदली तोवर थांबली. पुढच्या तक्त्यात पहिल्या नंबरचं केंद्र सतराव्यावर घरंगळलं. सुलाबाईचं चौथं आलं. सबंध जिल्ह्याचा आकडा मात्र असा बिघडला, की भिकनशी महिनाभर कुणी धड बोललं नाही.

ते सगळं पुढचं. त्या सोमवारी संध्याकाळी मालनबाई भाकरी थापत होती. भिकन चुलीपाशी येऊन बसला.

"तिचं नाव काय ठेवलं असतंस?"

मालनबाईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"चिमणा. पहिल्याच दिवशी ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आज विचारताय."