बैल न लावता पिकलेली भाजी, थेट क्रांजीहून

पिशवीतून घरी आलं ते असं: लाल माठाच्या दोन जुड्या सहा डॉलर, पाव किलो भेंडी तीन, दोन कणसं चार, तांबड्या भोपळ्याची फोड साडेतीन. एकूण साडेसोळा. आमच्या घराजवळच्या, आंग मो किओच्या बाजारात हेच आठात बसलं असतं. तरी मी हसत हसत आणलं. का ते सांगते.

माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात. चाळीस वर्षं त्यांनी ऋषिपंचमी धरली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाच्या हातानं पिकलेलं तेवढंच. यंदा त्यांना उपास झेपेना. "माझ्या वतीनं तू कर, खंड पडू देऊ नको," असं पत्र आलं.

बाजारात भाजीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "आंटी, लॉरीतून येते. त्याच्या आधीचं मला काय माहीत?" शेजारच्या फळीवर हिरव्या पानाचा शिक्का मारलेली इथलीच भाजी होती, दुप्पट किमतीची. अकरा वर्षं मी त्या फळीकडे पाठ करूनच खरेदी केली. माझी मुलगी ईरा शाळेतून शिकून येते आणि इथल्यासारखं शेवटी 'लाह' जोडून म्हणते, "आई, बाय लोकल, गुड फॉर द अर्थ लाह!" मी विचारायची, "पृथ्वी माझं बिल भरणार आहे का?" आता वाकून शिक्का वाचला, पण त्यात बैलाबद्दल काही नव्हतं. म्हटलं, शेतच गाठावं.

रविवारी ईरा आणि मी निघालो. मेट्रोच्या लाल लाइनने थेट क्रांजी, पुढे शेतांकडे बस. दोघींचं येणंजाणं मिळून साडेपाच डॉलर. बस चुकली की अर्धा तास गेलाच. पाणी जवळ ठेवा, ऊन मी म्हणतं. दशम्या नेल्या होत्या, त्या बसस्टॉपवरच संपवल्या. पुढे उंच इमारती मागे पडल्या आणि खताचा ओळखीचा वास आला. मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं!

शेतावर साठीच्या एक चिनी बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून माठ उपटत होत्या.

"ईरा, विचार गं, बैल लावतात का?"

"आई, प्लीज! मी नाही विचारणार."

मग मीच पुढे झाले. "आंटी, यू यूज काऊ?"

"काऊ? वेअर गॉट काऊ!" बाई कमरेवर हात ठेवून खो खो हसल्या. "ट्रॅक्टर ऑल्सो नो. आय ॲम द काऊ, लाह!" आणि दोन्ही तळवे पुढे केले. नखांत माती, रेघारेघांत माती. माझे हात आपसूक जोडले गेले. त्यांनीही जोडले.

"आई, आता घासाघीस?" ईरानं हळूच विचारलं.

"आज नाही."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना!

पंचमीला भाजी शिजवली, ऋषींना नैवेद्य दाखवला. ईरानं दोनदा मागून घेतली. आता दर शुक्रवारी त्या महागड्या फळीवरची माठाची एक जुडी आमच्या घरी येते, बाकी भाजी नेहमीचीच. शिक्का बघून माझा हात पर्सकडे कधी गेला नसता. ते तळवे पाहिले म्हणून गेला.

सासूबाईंना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे सगळं छापून टपालात टाकतेय. आई, बैलाचं काम बाईनं केलं, तर ते व्रताला चालतं ना? उलटटपाली कळवा.