दुपारी दोन ते चार कराटे

ज्या विद्येला गुरू नसतो, तिचे किस्से फार होतात. "अगं, असं नव्हे" म्हणणारं कुणी नसतं. मग चुका साचत जातात आणि वर्षभरानं बघावं तर शिकलो थोडं, सांगायला मात्र भरपूर!

आम्ही चौघी राजारामपुरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला. मी काउंटरवर, सुरेखा आणि तेजू डॉक्टर मॅडमच्या हाताखाली, शोभामावशी झाडलोटीला. दुपारी दोनला मॅडम जेवायला घरी जायच्या. मग आम्ही बाकडी भिंतीला सरकवायचो, शटर अर्धं ओढायचो, प्लास्टरच्या कवळीला टेकवून माझा मोबाईल उभा करायचो आणि चार वाजेपर्यंत व्हिडिओ बघून कराटे शिकायचो.

*

नाव पुढं केलं तेजूचं. पोरगी संध्याकाळी एकटी स्कूटीवरून जाते, चार हात शिकलेले बरे! खरं कारण सुरेखा होती, हे चौघींनाही माहीत होतं.

सुरेखा हुपरीहून एस.टी.नं यायची. नवरा तिथंच पैंजणाच्या कामात. बाहेर एकदम गोड बोलणारा माणूस, घरी मात्र तिच्यावर हात उचलायचा. एकदा ती गाल सुजवून आली. विचारलं तर म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच दार. तिसऱ्यांदा मावशींना राहवलं नाही.

"अगं, मग कपाट बदल की!"

सुरेखा मास्क वर ओढत म्हणाली, "बदलून ठेवू कुठं मावशी? म्हायेरात जागा न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर व्हिडिओ शोधला.

*

आमचे सर फुकटचे, त्यामुळं मध्येमध्ये जाहिराती फार! एकदा सरांनी गुडघा छातीपर्यंत उचलला, आम्हीही उचलला आणि तेवढ्यात मसाल्याची जाहिरात लागली. आता पाय वर ठेवायचा की खाली घ्यायचा? विचारणार कुणाला?

"सर, पाय खाली घेऊ व्हय?" मावशींनी मोबाईललाच विचारलं. तिकडं एक बाई हसत हसत रस्सा वाढत होती.

"मावशी, जाहिरात स्किप करा की!" तेजू म्हणाली.

"मी कशी करू? माझा पाय वर हाय!"

आणि मावशी बाकड्यावर कोसळल्या. गुडघा टम्म सुजला. चारला मॅडमनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "जिन्यात घसरलो." मॅडमना ते लगेच पटलं.

मॅडम आत गेल्यावर मावशी बराच वेळ गुडघा चोळत बसल्या. मग सुरेखाकडं बघून म्हणाल्या, "खोटं किती पटकन तोंडात येतंय गं!"

*

सहा महिने झाले असतील. एका पेशंटची दाढ दोनच्या आधी नुकतीच काढली होती. रक्त थांबेपर्यंत बसा, म्हणून त्यांना बसवलेलं. तोंडात कापूस कोंबलेला, एक गाल फुगलेला. हे गृहस्थ काय बोलणार, असं म्हणून आम्ही त्यांच्यासमोरच क्लास सुरू केला.

थोड्या वेळानं ते दोन्ही हात हलवायला लागले.

"पावणं, रक्त यायला लागलं काय?" मावशी धावल्या.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली, खुणेनं पेन मागितलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागं लिहिलं, "मी कराटे शिकवतो. तुम्ही सगळं उलटं शिकलाय."

व्हिडिओतले सर उजवा हात उचलायचे आणि आम्ही त्यासमोरचा, म्हणजे डावा. सहा महिने आम्ही आरशातलं कराटे केलं होतं!

"मग आता सुलटं कसं करायचं?" तेजूनं विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी ओरडल्या, "मॅडम सांगून गेल्यात, अर्धा तास बोलायचं न्हाय!" जन्मात एकच गुरू भेटला आणि त्याला बोलायला बंदी!

बिचाऱ्यांनी पुन्हा लिहिलं, "माझा क्लास मंगळवार पेठेत, संध्याकाळी सात. जरूर या."

सुरेखानं चिठ्ठी वाचली आणि घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाली, "सातला मी घरात नसले, तर मग लागंलच की कराटे."

आम्ही तिघी तिच्याशिवाय जाणार कशा? मोबाईल पुन्हा कवळीला टेकवला.

*

एका व्हिडिओत सरांनी ठोसा मारताना पोटातून ओरडायला सांगितलं. मावशींचा आवाज असा लागला, की शटरखालून डोकावणारे एक आजोबा म्हणाले, "होऊ दे त्यांचं, मी उद्या येतो." आणि गेलेच!

सुरेखाची पाळी आली. तिनं तोंड उघडलं, मान ताठ झाली, पण आवाजच नाही.

"ओरड की गं!"

"सवय न्हाय. शेजारी ऐकत्यात."

"सुरेखा, हा दवाखाना हाय."

"मला कळतंय ओ. गळ्याला कळंना."

मला रडू आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी मोबाईलशी खुडबुड करत बसले.

*

हाताला मात्र सुरेखा आमच्यात सगळ्यांत तरबेज. मनगट कुणी कसंही धरू दे, एका झटक्यात सोडवायची.

परवाच्या शनिवारी दुपारी क्लास चालू असताना तिचा नवरा अचानक दवाखान्यात आला. गुजरीत सराफाकडं माल द्यायला आला होता म्हणे. हातात आमच्यासाठी भडंगाचा पुडा. "बसा पावणं," मावशी म्हणाल्या, पण आमच्याबरोबर स्वतः बसतानाही त्याच्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"आमची पण शिकतीया व्हय?" तो हसत म्हणाला. "चांगलंय की! दिवस वाईट हायत. बघू, काय येतंय तुला."

आणि उठून त्यानं तिचं मनगट धरलं.

सुरेखानं आमच्याकडं बघितलं. मग हात त्याच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवला आणि खेचून घेतला. सुटला!

त्यानं पुन्हा धरलं. या वेळी दोन्ही हातांनी, घट्ट. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली. सुरेखा अर्धं पाऊल मागं सरकली, कंबर वळवली आणि पुन्हा सुटली. आणि तिच्या तोंडून आवाज आला! अख्ख्या दवाखान्यात घुमला.

आम्ही तिघी उभ्या राहिलो. तेजूनं शिट्टी मारली, मावशींचे डोळे भरून आले, टाळ्यांचा नुसता कडकडाट!

तोही हसला. "लई भारी," म्हणाला. मग हेल्मेट उचललं आणि माझ्याकडं वळून सांगितलं, "ताई, हिची आज अर्धी सुट्टी टाका. घरी जाऊन हे आईला दाखवूया."

सुरेखानं खुंटीवरची पर्स काढून खांद्याला लावली आणि वाकून शटरबाहेर पडली, तरी आमच्या टाळ्या चालूच होत्या.